कोर्टाचा हिशेब जुळतो, पण पैसा पोहोचतो का?

मस्तगड, जालना : मोटार अपघात न्यायाधिकरणे आणि कामगार न्यायालयांत नुकसानभरपाईचे कोट्यवधी रुपये जमा आहेत, पण ते न्यायला कोणी येत नाही. एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या ई-मेलवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि २२ एप्रिल २०२५ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. एकट्या महाराष्ट्रात पडून असलेली रक्कम सुमारे ४५९ कोटी रुपये असल्याचे त्यात समोर आले.

हा अपहार नाही, हे आधी समजून घ्यावे. पावती फाटते, नोंदवहीत नोंद होते, बँकेशी ताळा जुळतो. लेखापरीक्षणही रक्कम जागेवर आहे का, एवढेच पाहते. ती विधवेच्या हाती पडली का, हा रकाना वहीत नसतो. दावा वर्षानुवर्षे चालतो. कुटुंब ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला जाते, पत्ता बदलतो. अज्ञान मुलाच्या नावची ठेव तो सज्ञान झाल्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता दाव्यासोबतच आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घ्यायचा आहे. न वाटलेल्या रकमांची माहिती उच्च न्यायालयांनी ऑनलाइन फलकावर ठेवायची आहे. विधी सेवा प्राधिकरणांच्या मदतीने हक्कदार शोधायचे आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दर तिमाहीस किती जमा, किती वाटले आणि किती हक्कदार सापडले हे जाहीर करावे, असा आग्रह उच्च न्यायालयाकडेच धरला पाहिजे.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. सार्वजनिक पैशावरची देखरेख त्यांना किती मोलाची वाटत होती, हे यातून दिसते. न्यायालयातील ठेव तर थेट पीडिताच्या मालकीची आहे.

आपल्या वस्तीत अपघातात किंवा कारखान्यात माणूस गमावलेली घरे आहेत. त्यांचे जुने दावे तपासा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जातींना व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाव्याचा क्रमांक, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जा.