अठ्ठ्याहत्तरची कसोटी

उंची टर्नटेबल घेऊ पाहणाऱ्या मराठी रसिकांमध्ये एक चर्चा नेमाने रंगते. पट्ट्याने फिरणारे यंत्र बरे की थेट मोटरवरचे, आधी कार्ट्रिज बदलावे की टोनआर्म, तारा चांदीच्या असाव्यात काय, इत्यादी. या यंत्रावर वाजवायचे काय, हे मात्र त्यात सहसा कोणी विचारत नाही. मराठी घरातली निवड याच प्रश्नापासून सुरू व्हावी, असे आमचे मत आहे.

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हापासून १९६० च्या दशकापर्यंत नाट्यपदे, ख्याल, लावण्या, पोवाडे, भावगीते लाखेच्या, मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत राहिली. त्यांतील निवडक तेवढी पुढे एलपीवर आली. आता १९७३ पासून प्रतिष्ठेचे मानले गेलेले लिन सोन्डेक एलपी १२ पाहा. एकेक भाग बदलून यंत्र सुधारत नेण्याच्या हौसेचा हा आद्य नमुना. पण त्याला वेग दोनच, ३३⅓ आणि ४५. त्यात लाखो रुपये ओतले तरी बालगंधर्वांची मूळ तबकडी त्यावर नीट वाजणार नाही. याउलट २०१६ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२००जीमध्ये ७८ आहे आणि वेग कमीजास्त करण्याची सोयही आहे. आमच्या लेखी ही सोय कोणत्याही चांदीच्या तारेहून मोलाची.

कारण ७८ हा आकडा पुष्कळदा नावापुरताच असे. आरंभीच्या तबकड्या सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी कोरल्या गेल्या. वेग साडेचार फेऱ्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा काळी एकमध्ये गाऊ लागतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आरंभीच्या तबकड्या ऐकताना त्यांची पट्टी कोणती हे ठरवायचे, तर वेग ऐकणाऱ्याच्या हाती हवा.

दुसरी गोष्ट सुईची. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे, लाखेच्या तबकडीला लागते ७५ च्या आसपासचे. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन साठलेली धूळ तेवढी वाजवते. मग लोक म्हणतात, जुन्या तबकड्यांत खरखर फार. तिसरी गोष्ट समतोलनाची. आज फोनो प्रीअँपमध्ये येणारा मानक वक्र १९५४ चा आहे. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. म्हणून वक्र बदलता येणारा प्रीअँप हवा.

यावर कोणी म्हणेल, आम्हांला नव्या, शुद्ध अ‍ॅनलॉग एलपीच ऐकायच्या आहेत. जरूर ऐकाव्यात. पण २०२२ साली उघड झाले की मोबाइल फिडेलिटी या नामांकित अमेरिकी कंपनीच्या ‘अ‍ॅनलॉग’ म्हणून वाखाणलेल्या अनेक एलपींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. तो वर्षानुवर्षे भल्याभल्या कानांना जाणवला नव्हता. कानांची एवढी कसोटी पाहणाऱ्यांनी थोडा विनय धरावा. कोणी म्हणेल, जुनी गाणी आता इंटरनेटवर सापडतात. सापडतात, पण तीही कुणीतरी कुठल्यातरी सुईने, कुठल्यातरी वेगाने उतरवलेली असतात. मूळ तबकडी नाहीशी झाली की ती चूक दुरुस्त करायला जागा उरत नाही.

आणि मूळ तबकडीचे आयुष्य आमच्या मुलखात बेताचेच. महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट माळ्यावरच्या ट्रंकेत कागदी पाकिटांना बुरशी धरते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजले बुडाले. मुंबईतल्या नोकरदाराने हौसेने गावी आणलेली पेटी अशा पाण्यातून वाचली, तरी ती वाजवणारे यंत्र गावात असेलच असे नाही.

म्हणून महाडसारख्या गावी खर्चाचा क्रम आम्ही असा लावू. तबकड्या वरच्या मजल्यावर, कोरड्या कपाटात, उभ्या ठेवाव्यात. त्या पाण्याने धुवाव्यात, मात्र लेबल भिजू देऊ नये. स्पिरिट वापरू नये, त्यात लाख विरघळते. माडीच्या फळ्या पावलागणिक हलतात, तेव्हा यंत्र दगडी भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवावे. मग ७८ चा वेग, मग रुंद सुई, मग प्रीअँप. एवढे झाल्यावर पैसे उरले तर चांदीच्या तारांचा विचार खुशाल करावा. आजोळच्या ट्रंकेतली एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असते. तेवढी जे यंत्र वाजवू शकत नाही, त्याला मराठी घरात उंची म्हणायला आम्ही तयार नाही.