वीज गेली म्हणून वाचले

वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही लहान कारखान्यात डोकावून पाहा. लेथला वेळच्या वेळी तेल मिळते, कॉम्प्रेसर कधी उघडला याची नोंद भिंतीवरच्या कार्डावर असते. ऑफिसच्या कोपऱ्यात मात्र टेबलाखाली एक डबा धूळ खात पडलेला असतो. सारी बिले, येणी-देणी, ड्रॉइंग्ज, पगारपत्रके त्या डब्यातल्या तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर असतात. तिची काळजी कोण घेते, असे विचारले की मालक अकाउंटंटकडे पाहतो आणि अकाउंटंट सांगतो, "तो कॉम्प्युटरवाला मुलगा येतो ना!"

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. इथल्या कारखानदारांना कर्ज देताना आम्ही बँकवाले यंत्रांचा आणि मालाचा विमा पाहिल्याशिवाय पुढे सरकत नसू. नोंदींचे काय, हे कुणी विचारत नसे. विम्यातून फार तर नवा संगणक येईल; कुणाकडून किती येणे आहे, हे विमा कंपनी कुठून सांगणार? आता तर जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

हार्ड डिस्क हेही यंत्रच. आत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. टकटक आवाज येऊ लागला, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे जखमेवर सुरी फिरवणे. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसते, पण ती अनेकदा सूचना न देताच मान टाकते. यूपीएस हवा, आणि डबा जमिनीवर नको. २६ जुलै २००५ चे पाणी पाहिलेल्या कल्याण-डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको.

पण मला खरी भीती वाटते ती "बॅकअप आहे ना" या समाधानाची. बहुतेक ठिकाणी हा बॅकअप म्हणजे त्याच संगणकाला बारा महिने चोवीस तास जोडलेली दुसरी डिस्क. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि आपल्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचे कामही अडले. संगणकांच्या जाळ्यात कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे कंपनीचे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर विखुरलेले होते. प्रत्येकात दुसऱ्याची प्रत. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पण सारे एकमेकांना जोडलेले, म्हणून सारे एकदमच पुसले गेले. एक तेवढा वाचला, घाना देशातला. का? तर हल्ल्याआधीच तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगला आपण इतकी वर्षे शिव्या दिल्या, त्याने कुणाचे तरी भले केले म्हणायचे. ती डिस्क मग माणसाच्या हाती नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला नेण्यात आली.

म्हणून माझे म्हणणे असे, की जोडलेली प्रत ही प्रतच नव्हे. बँकेत दिवसअखेर टेप काढली, की एक प्रत शाखेबाहेर जात असे. लहान कारखान्याला दोन बाहेरच्या डिस्क पुरतात: शनिवारी एकीवर नक्कल काढून ती मालकाने घरी न्यावी, दुसरी परत आणावी. नक्कल झाली की वायर काढायची. आणि तीन महिन्यांतून एकदा घरच्या डिस्कवरचे एखादे जुने बिल उघडून पाहायचे. हे शेवटचे काम कुणी करत नाही. पासवर्डही केवळ त्या मुलाकडे नको. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. इथे एकच किल्ली, तीही महिन्यातून एकदा स्कूटरवर येते.

घरच्या फोटोंचेही तेच. फोन आणि क्लाउड जुळलेले असतील, तर नातवाने फोनवर पुसलेला फोटो तिथूनही जातो. काही दिवस कचरापेटीत सापडतो, मग तोही नाही. आजीचा आवाज, मुंजीचे फोटो एका डिस्कवर काढून बहिणीच्या घरी ठेवायला द्या. दिवाळीत ती आली, की नवे फोटो भरून परत पाठवा.