केस कुणाचे?

सकाळी आठ वाजता, डोक्याला शाम्पू, डोळे मिटलेले आणि पायाखाली तळं. घोट्यापर्यंत पाणी. तुमच्याकडे होतं का असं? आमच्याकडे गेली चार वर्षं होतंय आणि चार वर्षं या केसमध्ये आरोपी एकच होती. माझी बायको. पुरावा काय, तर तिचे कमरेपर्यंतचे केस. मी महिन्यातून एकदा जाळी उचलायचो, नाक दाबून दोन लांब केस चिमटीत धरायचो आणि तिच्यासमोर नाचवायचो. ‘हे बघ!’ ती काही बोलायची नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पार्लरमधून आली ती खांद्यापर्यंत केस कापूनच. ‘उन्हाळा आहे,’ म्हणाली. मी ‘छान दिसतंय’ म्हटलं आणि मॅच बघायला लागलो.

यंदा ती तीन महिन्यांसाठी चेन्नईच्या प्रोजेक्टवर गेली. जायच्या आदल्या रविवारी मी प्लंबर बोलावून, चारशे रुपये मोजून बाथरूमचा सगळा पाइप साफ करून घेतला. म्हटलं, आता तीन महिने ऐश. दहाव्या आठवड्यात पुन्हा तळं!

मी काही मनावर घेतलं नसतं, पण मागच्या शनिवारी कऱ्हाडहून बाबा आले होते. अंघोळीला गेले आणि आतून धप्पकन आवाज. साबणाच्या पाण्यात पाय सटकला, नळाला धरलं म्हणून वाचले. बहात्तराव्या वर्षी बाथरूममध्ये पडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. बाबा बाहेर आले, कोपर चोळत म्हणाले, ‘काही नाही रे, जरासं.’ माझे हात मात्र थरथरत होते.

मग मी पेटलो. आधी मोबाइलवरच्या रीलमध्ये दाखवतात तसा खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून पाहिलं. फेस मस्त येतो. पण सोडा आणि आम्ल एकमेकांनाच संपवतात, केसांचं काही वाकडं होत नाही. उकळतं पाणी ओतणार होतो, तर आठवलं, पाइप पीव्हीसीचा आहे. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. मग गेलो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे. पाइप मोकळा करायची पावडर घेतली आणि ‘सोबत हेही घ्या, जालीम आहे’ म्हणून त्याने दिलेली अॅसिडची बाटलीही घेतली.

पावडर टाकली, मगभर पाणी घातलं, अर्धा तास थांबलो. पाणी ढिम्म. म्हटलं, आता जालीम. बाटलीचं झाकण फिरवतोय, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘आधी काय टाकलंयस त्यात?’

बाबा. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मी पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून मागचं बारीक अक्षर वाचलं. ‘कॉस्टिक सोडा. आणि हातात हायड्रोक्लोरिक. बरं, दोन्ही एकत्र केल्यावर काय तयार होतं?’

चौतिसाव्या वर्षी, हाफ पँटमध्ये, बाथरूमच्या दारात मी तोंडी परीक्षा दिली. ‘मीठ आणि पाणी.’

‘बरोबर. फक्त इतकी उष्णता निघेल, की ते उसळून तुझ्या तोंडावर येईल. मीठ बघायला डोळे राहायचे नाहीत. झाकण लाव.’

मी झाकण लावलं. हे अॅसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, हेही त्यांनी लगे हाथ सांगून घेतलं. शिवाय केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ते खातं ते फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट, संगमरवरी उंबरठा आणि नळाची चकाकी. कॉस्टिकने केस विरघळतात, पण गोळा घट्ट असेल तर ते वरवर चाटून जातं. म्हणजे शेवटी हात घालणं आलंच.

पण लगेच नाही. आधी तासभर थोडं थोडं साधं पाणी सोडून ती पावडर धुऊन काढली. ती आत राहिली तर पाइपातच दगडासारखी बसते. मग जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवर बाइकचा गॉगल. (हसू नका.) बाबा दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून सूचना देत होते. ड्रायक्लीनरकडून आलेला तारेचा हँगर सरळ केला, टोकाला आकडा केला. जाळी काढली, तिच्याखालची वाटी काढली. या खड्ड्याला आर्किटेक्ट लोक ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी थेट इंग्रजीत जाऊन बसलीय! त्यात कायम दोनेक इंच पाणी साठून राहतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. गावाला जाऊन महिन्याने परतलात आणि बाथरूमला वास येत असेल, तर बहुतेक वेळा ते पाणी सुकलेलं असतं. मगभर ओता, काम झालं.

बेसिनचा पाइपही तिथेच येतो. तो ओल्या फडक्याने बंद करून रबरी पंप मारला, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. दहा-बारा धक्के, काळं पाणी, मग आकडा आत. काहीतरी अडकलं. ओढलं. मेलेल्या उंदरासारखा एक करडा गोळा बाहेर आला. आमच्याकडे बोअरचं पाणी, म्हणजे जड. त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा चिकट साका होतो, तो केसांना धरतो आणि त्यात मळ अडकत जातो. मागोमाग गड् गड् गड् करत पाणी गेलं. काय सुंदर आवाज असतो हो तो!

मी विजयी मुद्रेने गोळा पेपरवर पसरला. पुरावा! आणि मग नीट बघितलं.

सगळे केस दोन इंचांचे. दोन-चार पांढरे. लांब एकही नाही.

माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात, हे नॉर्मल आहे. दहा आठवड्यांचे झाले साडेतीन ते सात हजार. बाबांनी पेपरकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. ‘माझं बत्तिसाव्या वर्षी सुरू झालं होतं,’ एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

मी फोटो काढून बायकोला पाठवला. दोन मिनिटांत फोन. आधी पोटभर हसली. मग मी विचारलं, ‘अगं, ते तू केस कापलेस, ते याच्यासाठी होतं का?’

पलीकडे जरा शांतता.

‘थोडंसं,’ ती म्हणाली. ‘उन्हाळाही होताच.’

मी सॉरी म्हटलं. चार वर्षांच्या मानाने ते फारच छोटं वाटलं.

‘ते राहू दे. बाबांच्या कोपराला बर्फ लावलास का?’

नव्हता लावला.