गेटचा डोळा उघडा आहे ना?



तुम्ही म्हणाल, आपल्या घराला धड ओटा नाही, मोटारीची खोली तर दूरच. मग रिमोटवर चालणाऱ्या गेटचे आणि शटरचे पुराण आम्हाला कशाला? चार महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण आपल्या संभाजीनगरात बीड बायपास, उल्कानगरी, ज्योतीनगर, सिडको या भागांतून सकाळी एक फेरी मारून पाहा. बंगल्याचे गेट बटणावर सरकते, दुकानाचे शटर बटणावर वर जाते. पैसे मालकाने दिले हे खरे. पण त्या गेटपाशी दिवसभर उभा कोण? वॉचमन आपला, ड्रायव्हर आपला, फरशी पुसायला जाणारी ताई आपली, आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनची लेकरेही तिथेच खेळतात. बटण एकाच्या खिशात आणि पाय दुसऱ्याच्या पोराचा, असा हा हिशेब आहे.

आमच्या ओळखीचे एक मामा एका बंगल्यावर वॉचमन आहेत. एका संध्याकाळी ते घरी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, नातू वाचला. सायकल गेली." झाले होते असे. मालकाची गाडी कोपऱ्यावर वळली, त्यांनी सवयीप्रमाणे तिथूनच बटण दाबले. गेट उघडले. गाडी आत आली, पुन्हा बटण दाबले, गेट बंद होऊ लागले. तेवढ्यात नातू सायकलवरून मागोमाग शिरला. पुढचे चाक गेट आणि खांब यांच्यामध्ये सापडले. मूल बाजूला पडले म्हणून बरे. चाकाची मात्र पार जिलेबी झाली. "काही आडवं आलं की गेट आपोआप थांबतं म्हणले होते. थांबलंच नाही." वर, गेटची दातेरी पट्टी निखळली म्हणून दुरुस्तीचे पैसे मामांच्या पगारातून कापायची भाषा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा टाकून, ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला घेऊन मी तिथे गेलो. त्याने मोटारीचे झाकण काढले आणि दोन मिनिटांत बोट ठेवले. गेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एक छोटी काळी डबी असते. एका डबीतून डोळ्याला न दिसणारा किरण निघतो आणि समोरच्या डबीत जातो. गेट बंद होत असताना मध्ये कोणी आले की किरण तुटतो, आणि गेट थांबून मागे फिरते. याला सेन्सर म्हणतात, मिस्त्री लोक फोटोसेल म्हणतात, मी डोळा म्हणतो. पावसाळ्यात त्या डबीत पाणी गेले, गेट बंदच होईना. तेव्हा आलेल्या मिस्त्रीने डबी न बदलता आत दोन तारा जोडून दिल्या. मोटारीला वाटत राहिले की डोळ्यासमोर वाट मोकळीच आहे. गेट चालू झाले, मालक खूश, मिस्त्री पैसे घेऊन गेला. त्या दिवसापासून गेट आंधळे झाले होते आणि हे घरातल्या एकालाही माहीत नव्हते.

दुसरी गोष्टही त्याने दाखवली. मोटारीचा जोर कमी-जास्त करता येतो. गेट कशाला अडले तर ठरावीक जोरापलीकडे न रेटता मोटारीने थांबावे, अशी ही सोय. इथे रुळात खडी आणि चिखल साचला होता, गेट जड चालत होते. रूळ झाडून काढण्याऐवजी कोणीतरी जोरच वाढवून ठेवला होता. जे गेट खडीला रेटते ते पोराच्या पायालाही रेटणारच. म्हणून गेट अडकू लागले की "जोर वाढवा" असे मिस्त्रीला सांगू नका, आणि तो वाढवू लागला तर कारण विचारा. वीज बंद करून, मोटारीची पकड सोडवून गेट हाताने ढकलून पाहावे. एका माणसाच्या बेताच्या जोराने ते सरकले पाहिजे. सरकत नसेल तर दोष चाकात, बेअरिंगमध्ये किंवा रुळात आहे, मोटारीत नाही.

हा डोळा आला कसा, तेही ऐका. अमेरिकेत घराला लागून मोटारीची खोली असते आणि तिचे अख्खे दार यंत्राने वर-खाली होते. त्या दाराखाली सापडून लहान मुले दगावू लागली, तेव्हा 1990 मध्ये तिथे कायदा झाला. 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना डोळा किंवा तशीच दुसरी सोय सक्तीची झाली. दार कशाला टेकले तर दोन सेकंदांत उलटे फिरले पाहिजे, हाही नियम आहे. तिथे डोळा जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच लावत नाहीत, कारण रांगणारे मूल खालूनच जाते. आपल्याकडची सरकती गेटे पाहा, डोळा बहुधा मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतका उंच. रांगते मूल त्याला दिसायचेच नाही. जिथे लेकरे आहेत तिथे खाली दुसरी जोडी लावून मागावी.

आता तपासणी. ही आठवड्यातून एकदा करावी, पाच मिनिटेही लागत नाहीत. लेकरांना आधी आत पाठवा. गेट बंद होऊ लागले की बाजूला उभे राहून झाडूचा दांडा त्या दोन डब्यांच्या मध्ये धरा. हात किंवा पाय घालायचा नाही. गेट थांबून मागे फिरले तर डोळा जागा आहे. तसेच पुढे आले तर ताबडतोब वीज बंद करा आणि मालकाला सांगा. डब्यांच्या काचेवरची धूळ आणि कोळ्याची जाळी कोरड्या फडक्याने पुसा. डबी वाकडी झाली, गाडीचा धक्का लागला, तरी किरण चुकतो. वर-खाली होणारे दार असेल तर दीड इंच जाडीची फळी खाली आडवी ठेवून दार खाली येऊ द्यावे, फळीला टेकताच ते वर गेले पाहिजे.

दुकानाच्या गुंडाळणाऱ्या शटरची गोष्ट वेगळी. गुलमंडी, पैठण गेटच्या बाजारात आपली मुले नोकरीला आहेत, त्यांनी हे नीट वाचावे. स्वस्तातल्या अनेक शटर-मोटारींना अडथळा कळतच नाही. कुठे थांबायचे एवढेच त्यांना ठाऊक. म्हणून शटर पूर्ण खाली टेकेपर्यंत नजर हलवायची नाही, आणि अर्ध्यावर आलेल्या शटरखालून वाकून पळायचे नाही. वरच्या पाइपातल्या स्प्रिंगला घरच्या पान्याने हात लावू नका. ती ताणलेली असते, सुटली तर हात मोडते.

वीज गेली की खरी धांदल उडते. सरकत्या गेटच्या मोटारीला एक छोटी किल्ली आणि खटका असतो, तो फिरवला की गेट मोटारीपासून सुटते आणि हाताने ढकलता येते. ही किल्ली मालकाच्या कपाटात असून काय उपयोग? ती वॉचमनपाशी हवी. कोणी अडकले तर याच किल्लीने सोडवायचे आहे. खटका फिरवण्याआधी मोटारीचे बटण बंद करावे, नाहीतर खटका पुन्हा बसवताना वीज आलेली असली तर बोटावर बेतते. जमीन उताराची असेल तर सुटलेले गेट आपोआप घरंगळते, तेव्हा त्याच्या वाटेत उभे राहू नये. वर जाणाऱ्या दाराला ओढायची दोरी असते. ती शक्यतो दार खाली असतानाच ओढावी. दार वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर सगळे वजन डोक्यावर येते.

2024 च्या जुलैअखेरीस पिंपरी-चिंचवडमध्ये खेळता खेळता सरकते लोखंडी गेट अंगावर पडून साडेतीन वर्षांची मुलगी गेली. ते चित्रण अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल. ते गेट यंत्राचे नव्हते, हाताने सरकवायचे होते. पण धोका तोच. रुळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी अडण घट्ट वेल्ड केलेली हवी, आणि वर गेटला धरून ठेवणारे रूळ शाबूत हवेत. पोरे गेटवर लटकून झुलतात, त्यांना ओरडण्याबरोबर ही अडणही एकदा हलवून पाहा.

घरच्या बायाबापड्यांसाठी एक वेगळी सूचना. मोटारीचा गिअर आणि दातेरी पट्टी उघडी असेल तर पदर, ओढणी सांभाळा. अंगण धुताना मोटारीवर पाण्याचा पाइप मारू नका. गेट सगळे लोखंडाचे, एका जागी वीज उतरली तर सगळीकडे उतरते. अर्थिंग आहे का, गळती होताच वीज तोडणारा स्विच आहे का, हे विचारा. त्या स्विचवर तपासणीचे बटण असते, महिन्यातून एकदा ते दाबावे, वीज तुटली पाहिजे. तारांची भोके बुजवलेली नसली तर पाली आणि मुंग्या आत घर करतात, आणि त्यांच्यामुळेही बिघाड होतात. रुळाला ग्रीस फासू नये, धूळ चिकटून तोच चिखल होतो. रोज झाडू मारणे पुरे.

हे सगळे मालकाला सांगायला आपली माणसे कचरतात, हे मला ठाऊक आहे. नोकरीची भीती असते. मी मामांना एक साधा उपाय सांगितला. हजेरीच्या वहीतच लिहायचे: तारीख, "डोळा तपासला, चालू" किंवा "डोळा बंद, साहेबांना सांगितले." सही. एवढ्याने भांडण होत नाही, आणि उद्या काही झाले तर वही बोलते.

त्या मालकांशी बोलणे सोपे गेले नाही. आधी म्हणाले, पोराने शिरायचेच कशाला? मी जोडलेल्या दोन तारा त्यांना दाखवल्या आणि विचारले, साहेब, तुमची नात सुट्टीत येते ना? ते जरा वेळ गप्प राहिले. आठवड्यात नवीन डोळा बसला, खाली दुसरी जोडीही लागली, पगारातून कापायची गोष्ट बंद झाली. कोपऱ्यावरून बटण दाबायचे नाही, गेट डोळ्यांसमोर असल्याशिवाय नाही, हेही त्यांनी कबूल केले. मामा आता दर सोमवारी झाडूचा दांडा धरतात.

सायकलचे चाक मात्र अजून भरून मिळालेले नाही. ते मागायला मी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.