मांडणीवरची भांडी वाजतात तेव्हा

२४ जानेवारी २०२५ ची सकाळ भंडारा जिल्हा विसरणार नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं, ८ जणांचा जीव गेला. आवाज कितीतरी लांब ऐकू गेला. अशा हादऱ्याची बातमी होते, चौकशीही होते. पण ठरवून दिलेल्या हादऱ्याचं काय?

तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजची उघडी खाण आहे. टॉर्चच्या सेलमध्ये लागणारं मॅंगनीज डायऑक्साइड तिथे निघतं. खडक फोडायचा तर सुरुंग लागणारच, त्याला कुणाची ना नाही. कुठल्याही खाणीजवळच्या गावात प्रश्न असतो तो हादरा किती, याचा. आणि मैत्रिणींनो, हे माप कागदावर १९९७ पासून आहे! खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परिपत्रकानुसार, खाणीच्या मालकीच्या नसलेल्या घरापाशी कंपनाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा संथ कंपनासाठी, म्हणजे सेकंदाला ८ पेक्षा कमी झोके असतील तेव्हाची. कंपन जलद असेल तर १०, फारच जलद असेल तर १५ पर्यंत सूट आहे. संथ हादरा घराला जास्त हलवतो ना, म्हणून.

हादरा कमी करताही येतो. सगळी दारू एकदम न उडवता एकेक छिद्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने मागेपुढे उडवलं, की धक्का वाटला जातो. एका वेळी किती दारू उडते आणि घर किती लांब आहे, यावर सारं अवलंबून.

आता दुपारी घरात कोण असतं? आपणच. मांडणीवरचे गंज थरथरतात, निजलेलं लेकरू दचकून उठतं. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "बाई, तुमच्या मनाचे खेळ." खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंत थोडं तथ्य आहे. भिंतीला इजा होईल त्याच्या कितीतरी आधी माणसाच्या अंगाला कंप कळतो. भांडी तर पुष्कळदा जमिनीमुळे नाही, हवेच्या दाबाने वाजतात. आणि प्रत्येक तडा सुरुंगाचाच असतो असंही नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेवढ्यानेही भिंत उकलते.

पण मग ठरवायचं कुणी? ज्याच्याकडे नोंद आहे त्याने. खाणीकडे आकडे असतात, आपल्याकडे नुसतं "लय हादरलं जी" असतं. म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख घाला, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तडा पुढे सरकला की लगेच दिसेल. बार उडाल्याची वेळ कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशेब लिहितो तशी. महिनाभराची अशी पानं चार घरांतून एकत्र आली, की त्यांना मनाचे खेळ म्हणणं जड जातं.

मग ग्रामसभेत विचारायचं, कंपन मोजायचं यंत्र कुठे लावलं होतं आणि आकडा किती आला? आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. यंत्र खाणीच्या ऑफिसाजवळ नको, खाणीला सगळ्यात जवळ असलेल्या मातीच्या घरापाशी हवं.