हुकलेल्या करंडकाचे मोल

आपल्या जिल्ह्यातील मराठी घरांची एक जुनी अडचण आहे. मार्च 2024 मध्ये ती पुन्हा उघडी पडली. त्या महिन्याच्या आरंभी रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यासाठी मध्यप्रदेश आणि विदर्भ हे दोन संघ नागपुरात समोरासमोर उभे राहिले. आपण राहणारे मध्यप्रदेशचे. परंतु 1 नोव्हेंबर 1956 रोजी प्रांतरचना होईपर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होते, आणि आजही आपली सोयरीक गोंदिया, भंडारा, नागपूर याच वाटेने जाते. आपल्या गावाजवळून वाहणारी वैनगंगादेखील पुढे विदर्भातच उतरते. मग टाळी कोणासाठी वाजवावी? अनेक घरांत वडील एका बाजूला आणि मुले दुसऱ्या बाजूला, असा प्रकार झाला असल्यास नवल नाही.

तो वाद मिटविण्याचा माझा हेतू नाही. त्या हंगामात हे दोन्ही संघ करंडकाच्या अगदी समीप जाऊन रिक्त हस्ते परतले. अशा हंगामाची किंमत आपण कशी करावयाची, एवढाच प्रश्न मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. कारण त्याचा संबंध क्रिकेटपेक्षा आपल्या मुलांशी अधिक आहे.

प्रथम विदर्भाची हकीकत पाहू. रणजी स्पर्धेत हा संघ 1957-58 पासून खेळत आला. परंतु अंतिम सामना गाठावयास त्याला साठ वर्षे लागली. 2017-18 मध्ये इंदूर येथे दिल्लीचा पराभव करून त्याने प्रथमच करंडक जिंकला आणि पुढील वर्षी सौराष्ट्राला हरवून तो राखला. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. 2019-20, 2021-22 आणि 2022-23 या तिन्ही हंगामांत विदर्भाला उपान्त्यपूर्व फेरीदेखील दिसली नाही. मधल्या एका वर्षी तर स्पर्धाच झाली नाही. 'दोन वर्षांचा चमत्कार होता, तो संपला,' असे म्हणणारे लोक अशा वेळी निघतातच.

अशा अवस्थेतून 2023-24 चा हंगाम उभा राहिला. कर्णधार होता यष्टिरक्षक अक्षय वाडकर. उपान्त्यपूर्व सामन्यात विदर्भाने कर्नाटकासारख्या बलाढ्य संघाला 127 धावांनी नमविले. उपान्त्य सामन्यात आपल्या मध्यप्रदेशाविरुद्ध मात्र पहिल्या डावात तो अवघ्या 170 धावांत गारद झाला. हिमांशू मंत्री याच्या 126 धावांच्या बळावर मध्यप्रदेशाने 252 धावा करून 82 धावांची आघाडी मिळविली. एवढ्या पिछाडीवरून यश राठोड याच्या 141 धावांच्या आधारे विदर्भाने दुसऱ्या डावात 402 धावा उभारल्या. मध्यप्रदेशापुढे 321 धावांचे लक्ष्य होते. अखेरच्या दिवशी चार गडी हाती होते आणि 93 धावा हव्या होत्या. परंतु सर्व संघ 258 धावांवर बाद झाला. विदर्भ 62 धावांनी जिंकला.

अंतिम सामना मुंबईत, वानखेडे मैदानावर, मुंबईविरुद्धच झाला. मुंबईने पहिल्या डावात 224 धावा केल्या आणि विदर्भाचा डाव 105 धावांत कोसळला. दुसऱ्या डावात मुंबईने 418 धावा केल्यावर विदर्भासमोर 538 धावांचा डोंगर होता. येथे सामना संपला असे मानून घरी बसणाऱ्यांस दोष देता आला नसता. तथापि वाडकर आणि हर्ष दुबे या जोडीने पाचव्या दिवसाचे पहिले सत्र एकही गडी न गमावता खेळून काढले. त्यांनी 130 धावांची भागी केली. वाडकरने शतक पूर्ण केले. तो 102 धावांवर पायचीत झाला आणि त्यानंतर सर्व खेळ आटोपला; अखेरचे पाच गडी अवघ्या 15 धावांत गेले. विदर्भ 368 धावांवर थांबला आणि 169 धावांनी हरला. करंडक मुंबईचा झाला, तोही 42 व्या वेळी.

आता या हंगामाला यश म्हणावे की अपयश? निकालाच्या तक्त्यात एकच ओळ राहते आणि ती विजेत्याची असते. माझ्या मते मात्र ते माप अपुरे आहे. जो संघ सलग तीन हंगाम उपान्त्यपूर्व फेरीच्या बाहेर होता, तो चौथ्या हंगामात अंतिम सामन्याच्या पाचव्या दिवशी दुपारपर्यंत झुंजत होता. किती चाललो हे मोजावयाचे, तर कोठून निघालो हेही विचारावे लागते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. 'थोडक्यात हुकले' या शब्दांत मोठी गुंगी असते. माणूस त्यावर वर्षानुवर्षे समाधान मानून राहतो. आणि खरे पाहता 105 धावांत बाद होणे म्हणजे थोडक्यात हुकणे नव्हे. सामन्याचा निकाल बव्हंशी तेथेच लागला होता. म्हणून अशा हंगामाचे मोल आपोआप मिळत नाही. आपली चूक नेमकी कोठे झाली, हे शोधून पुढल्या वर्षी ती दुरुस्त करणाऱ्यासच ते मिळते.

विदर्भाने ते मिळविले. 2024-25 च्या उपान्त्य सामन्यात पुन्हा मुंबईशीच गाठ पडली. वर्षापूर्वी ज्या प्रतिस्पर्ध्यापुढे पहिल्या डावात 105 धावा झाल्या होत्या, त्याच्याविरुद्ध या वेळी पहिल्याच डावात 383 धावा झाल्या आणि सामना 80 धावांनी जिंकला. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 24 धावांवर तीन गडी बाद झाले असता दानिश मालेवार याने 153 धावा करून डाव सावरला. त्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर 2 मार्च 2025 रोजी नागपुरात करंडक पुन्हा विदर्भाकडे आला. वानखेडेवर कर्णधाराला साथ देणाऱ्या हर्ष दुबेने या हंगामात फिरकीवर 69 बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्यापूर्वी कोणीही घेतले नव्हते.

सर्वांनाच मात्र दुरुस्तीची संधी पुढल्या वर्षी मिळते असे नाही. आपल्या मध्यप्रदेशाचे उदाहरण पाहा. एप्रिल 1999 मध्ये बंगळूर येथे कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामन्यात मध्यप्रदेशाने पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक आपलाच होता. परंतु दुसरा डाव 150 धावांत आटोपला आणि सामना 96 धावांनी गेला. त्या संघाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित. हे मुंबईचे मराठी गृहस्थ पुढे प्रशिक्षक झाले. विदर्भाचे पहिले दोन करंडक त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आले. नंतर ते मध्यप्रदेशाकडे परतले आणि 26 जून 2022 रोजी, त्याच बंगळूरच्या मैदानावर, त्यांच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरविले. मध्यप्रदेशाचा तो पहिला रणजी करंडक होय. हुकलेला डाव त्या माणसाने तेवीस वर्षे मनात जपला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. नागपूर आणि इंदूर यांच्यातील आपला वाद त्यांच्यापुरता तरी केव्हाच मिटला होता.

याच भूमीतील आणखी जुनी साक्ष होळकर संघाची आहे. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत त्या संघाने दहा वेळा अंतिम सामना गाठला. त्यांपैकी चार जिंकले आणि सहा गमावले. जिंकण्याहून हरण्याचे प्रसंग अधिक, तरीही नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंच्या त्या संघाचे नाव आज आदराने घेतले जाते. दरवर्षी दाराशी येऊन उभे राहणे हीच त्याची थोरवी होती.

हे सारे लिहिण्यास एक निमित्त घडले. माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याला गणितात एका वर्षी 31 गुण होते. पुढील वर्षी 58 मिळाले. पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला. घरी त्याला एकच प्रश्न विचारण्यात आला: 'दोन गुण कोठे गेले?' मिळविलेल्या सत्तावीस गुणांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. मुलाने गणित सोडून देण्याचे मनाशी ठरविले होते. सुदैवाने त्याला वेळीच समजावता आले. परंतु अशी किती मुले आपल्या नकळत मैदान सोडून जात असतील, याचा पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनीही विचार करावयास हवा.

दोन गुणांची चौकशी करू नये, असे मी म्हणत नाही. ती अवश्य करावी. वाडकरच्या सोबत्यांनीही 105 धावांची चौकशी केलीच असेल. माझे म्हणणे एवढेच की, आधी सत्तावीस गुणांचे कौतुक व्हावे आणि मग दोन गुणांचा शोध घ्यावा. हा क्रम उलटला की मुलाचा धीर खचतो, आणि धीर खचलेल्या मुलाला चूक दाखवून उपयोग नसतो.

एक सूचना करून लेख संपवितो. आपल्या वार्षिक अंकात प्रतिवर्षी प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. ती जरूर छापावी. तिच्याच शेजारी, मागील वर्षापेक्षा ज्यांनी सर्वाधिक प्रगती केली त्यांची एक यादी असावी, मग ते वर्गात पहिले आलेले असोत वा विसावे. आणि विद्यार्थीमित्रहो, त्या यादीत तुमचे नाव आले तर आनंद करा. परंतु दुसऱ्या दिवशी वही उघडून ते दोन गुण शोधावयास विसरू नका.