आकाशातला वाटाड्या आणि आपली पांदण



पूर्वी परका माणूस गावात आला की चावडीपाशी थांबून विचारायचा, 'अमक्याचं शेत कोणीकडं?' आता तो विचारत नाही. काचेजवळ मोबाईल उभा केलेला असतो, त्यातली बाई 'डावीकडे वळा' म्हणते आणि गडी वळतो. पाहुणा चुकला तर फार तर जेवायला उशीर होईल. पण याच बाईच्या सांगण्यावर आता रुग्णवाहिका येते, नुकसानीच्या पाहणीला विमा कंपनीचा माणूस येतो, कापूस भरायला परजिल्ह्यातली गाडी येते. हा शहरी लोकांच्या चैनीचा विषय आहे असे समजून तो सोडून देता येणार नाही.

या यंत्रणेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते, उपग्रह वरून आपली गाडी बघतो आणि रस्ता दाखवतो. जीपीएसचा उपग्रह काहीही बघत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त आपली वेळ आणि आपली जागा यांचा संदेश सोडत राहतो. किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून मोबाईल हिशेब करतो, की मी पृथ्वीवर कुठे आहे. उघड्या शिवारात हा हिशेब काही मीटरच्या आत बरोबर येतो. मुलकी वापराच्या संदेशात अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, तेही मे २००० मध्ये बंद झाले. तेव्हा उपग्रहाच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. तुम्ही कुठे आहात हे तो बरोबर सांगतो. पुढे रस्ता आहे का, हे त्याला माहीतच नाही. ते सांगतो नकाशा, आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. त्यातल्या बहुतेकांनी आपले गाव कधी पाहिलेले नसते.

नकाशात रेघ कशी येते ते पाहा. आकाशातून काढलेली छायाचित्रे समोर ठेवून रस्ते आखले जातात. साध्या छायाचित्राला ढगातून दिसत नाही. म्हणजे निवडले जाते ते निरभ्र दिवसाचे चित्र, आपल्याकडे प्रामुख्याने हिवाळ्या-उन्हाळ्यातले. एप्रिलात आपली पांदण कशी असते? पांढरी, सपाट, टणक. जीपसुद्धा जाईल. तीच पांदण ऑगस्टमध्ये कशी असते हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, पाणी खाली मुरत नाही आणि चाकाला गोळा चिकटतो. बैल पोटापर्यंत फसतात. नकाशातल्या रेघेला मात्र मृग नाही आणि हस्तही नाही, ती बारा महिने सारखीच.

दुसरे असे, की रस्ता बंद आहे, पूल गेला आहे, गर्दी आहे, हे नकाशाला बऱ्याच अंशी रस्त्यावरून जाणाऱ्या मोबाईलांवरून कळते. शहरात मिनिटाला शेकडो गाड्या जातात. आपल्या रपट्यावरून दिवसाकाठी चार ट्रॅक्टर आणि दहा मोटारसायकली जातात, पाऊस लागला की तेही नाही. जिथे वर्दळ कमी तिथे हा वाटाड्या आंधळा, आणि आंधळा असूनही आवाज तोच, ठाम! त्यात रेंज गेली तर उपग्रहाचा संदेश मिळतच राहतो, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता एक निळा ठिपका उरतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मिल्ड्युरा नावाचे शहर आहे, भोवती कोरडा मुलूख. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला, की अॅपलचा नकाशा हे शहर खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, निर्जन राष्ट्रीय उद्यानात दाखवतो. काही प्रवासी अन्नपाण्याविना चोवीस तासांपर्यंत अडकून पडले होते, आणि उन्हाळ्यात तिथला पारा ४६ अंशांपर्यंत जातो. त्याच नावाचा एक प्रशासकीय विभाग आहे, त्याच्या मध्यबिंदूला शहर समजले गेले होते. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत, आणि खुर्द-बुद्रुकचा घोळ किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कळसूबाईला निघालेली मोटार रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. मोबाईलने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली होता. दोघे पोहून निघाले, एक बुडाला. स्थानिक माणूस त्या वाटेला गेला नसता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. पूल पुढे तुटलेला होता आणि तिथे पुरेसा अडसर नव्हता. पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला ते योग्यच झाले. नकाशा चुकला हे खरे, पण तुटक्या पुलापुढे दोन ढोल मुरूम टाकायला कुठला उपग्रह लागतो?

आता आपल्या घरातले बोलू. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचे दिवस आणि पांदण चिखलाने बंद असण्याचे दिवस एकच आहेत. साप चावण्याचे दिवसही तेच. अशा वेळी १०८ ची गाडी परक्या चालकाच्या हातात असते आणि त्याच्यासमोर तोच पडदा असतो. पडदा त्याला जवळची पांदण दाखवतो, लांबचा डांबरी रस्ता नाही. गाडी रुतली तर रोगी शेतात आणि डॉक्टर चिखलात.

सरकारने वर्षानुवर्षे देशाचे नकाशे कुलपात ठेवले. भारतीय नागरिकाला आणि कंपनीला परवानगीशिवाय नकाशे करण्याची मोकळीक फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली. कुलूप निघाले ते बरेच झाले. पण खाजगी कंपनी गर्दी असेल तिथे लक्ष देणार, तिला पांदणीत काय मिळणार? म्हणून हे काम गावालाच करावे लागेल, आणि त्याचे साधन गावातच आहे. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा मिळतो. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीरस्ता, एकेरी म्हणजे पाऊलवाट. त्यातल्या किती गाडीवाटा आज धुऱ्यात गेल्या हे बघायला धीर लागेल, कारण नांगर लावणारे आपलेच भाऊबंद आहेत. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे जावे लागते. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याचा निर्णय महसूल विभागाने २०२५ मध्ये केला. तो कागदावरून आपल्या उताऱ्यावर उतरवून घ्यायचा आहे.

तोवर गाडी बोलावणाऱ्याने एवढे करावे. नुसते गावाचे नाव सांगू नये, तालुका आणि फाटा सांगावा. ठिकाण मोबाईलवरून पाठवायचे तर शेतातले पाठवू नये, पक्का रस्ता जिथे संपतो तिथले पाठवावे, आणि तिथे बॅटरी घेऊन एक माणूस उभा करावा. बाजेवर किंवा बैलगाडीत घालून रोग्याला तिथपर्यंत आणणे हे गाडी रुतण्यापेक्षा लवकर होते.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने गावनकाशाची एक प्रत आणावी. पावसाळ्यात बंद होणाऱ्या पांदणी, पाण्याखाली जाणारे रपटे आणि वाहून गेलेले पूल त्यावर लाल शाईने दाखवावेत. शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींनाही सोबत आणावे. नकाशातली चूक मोबाईलवरूनच कळवता येते, आणि ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या खुल्या नकाशात तर कोणालाही स्वतः रस्ता आखता येतो. हे काम त्यांना आपल्यापेक्षा झटपट जमेल. लाल खुणांची दुसरी प्रत तालुकावार एकत्र करून रुग्णवाहिका चालकांना आणि तहसीलदारांना मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी द्यायची आहे. म्हणून प्रती दोन आणाव्यात, एक नको.